ऑक्टोबरभर गेम, टेकडी आणि तीन मांजरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यूट्यूबवर मराठीतून गेम खेळत लाइव्ह स्ट्रीम करते. स्ट्रीम चालू असताना चॅट भराभर वर सरकतं आणि निम्मे प्रश्न माझ्या नजरेतून सुटतात. दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंत तेच ते प्रश्न परत परत आले, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली आहेत. माझ्या बोक्याच्या, बटरच्या आजारपणाचं उत्तर बरंच लांब झालंय. घरात बोका असेल तर बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, तेवढं मात्र शेवटपर्यंत वाचा.

ताई, सप्टेंबरभर होतात कुठे?

घरीच होते, हाताला पट्टा बांधून. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर व्हायची. झोपेतून उठून हात झटकला की मुंग्या यायच्या आणि मग हळूहळू बोटं जागेवर यायची. मी चार महिने हे अंगावर काढलं. ऑगस्टच्या शेवटी डॉक्टरांनी मनगट वाकवून, दाबून पाहिलं आणि सांगितलं की तळहाताकडे जाणारी नस मनगटात आवळली जातेय. यालाच कार्पल टनेल म्हणतात. रात्री मनगट सरळ राहील असा पट्टा लावायचा आणि तीन आठवडे कंट्रोलरला हात लावायचा नाही, असं ठरलं.

ज्या गेमची साडेसहा वर्षं वाट पाहिली तो सिल्कसाँग ४ सप्टेंबरला आला आणि मी तो पाहिलासुद्धा नाही. वाईट वाटलं, खूपच वाटलं. पण लवकर दाखवलं म्हणून पट्ट्यावर भागलं, हेही तितकंच खरं. तुमच्यापैकी कुणाची बोटं रात्री बधिर होत असतील तर कृपा करून चार महिने थांबू नका.

स्ट्रीमची वेळ का बदलली? रात्रीची मजा गेली.

आधी रात्री दहा ते दोन असायचा, आता साडेआठ ते साडेअकरा. न्यू जर्सीतल्या मंडळींकडे तेव्हा सकाळचे अकरा वाजलेले असतात, त्यामुळे त्यांचं फार बिघडलं नाही. तुमच्यातल्या रात्रपाळीवाल्यांचं बिघडलं याची मला जाणीव आहे. त्यांच्यासाठी सगळे स्ट्रीम चॅनेलवर पूर्ण ठेवलेले असतात.

कारण सरळ आहे. दोनला स्ट्रीम संपला की झोप लागायला साडेतीन व्हायचे आणि साडेपाचला मांजरं उठवायची. मांजर पहाटे आणि संध्याकाळी, उजेड-अंधार एकमेकांत मिसळत असताना सगळ्यात जागं असतं. तीच त्याची शिकारीची वेळ. मी दोन वर्षं त्यांची वेळ बदलायचा प्रयत्न केला. या महिन्यात माझी बदलली. आता बाराला झोपते, साडेपाचला खारी, म्हणजे बटरची बहीण, छातीवर येऊन बसते आणि मी उठते. दुपारी अर्धा तास डोळा लागतो, तेवढ्याने झोपेचा हिशोब जुळतो.

दर पाऊण तासाने स्क्रीनवर "उठले" अशी पाटी लावून जाता कुठे?

या पानावर मला खरं सांगायचंय ते हेच आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पंचेचाळीस मिनिटांचा गजर लावलेला असतो. तो वाजला की लढाई कुठल्याही टप्प्यावर असो, पुढच्या बाकावर (खेळात जिथे बसलं की प्रगती जतन होते) पोचायचं, गेम थांबवायचा आणि उठायचं. दहा मिनिटं. या दहा मिनिटांत खोलीत थांबायचं नाही, हा नियम. गॅलरीत जाते आणि समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघते. डोळ्यांचे डॉक्टर सांगतात की दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावं. मला खेळताना दर वीस मिनिटांनी जमत नाही, म्हणून खेळात लोडिंग आलं की खिडकीबाहेर बघते आणि बाकीची भरपाई गॅलरीत करते. मग मूठ बंद, मूठ उघडी, बोटं मधल्या पेरात दुमडायची, पुन्हा सरळ. असं दहा वेळा. मांजरांच्या वाट्यांमधलं पाणी बदलते. त्यांची वाळू बघते. वाळू बघण्याचं कारण खाली येईल.

प्रेक्षक निघून जातात का? पहिल्या आठवड्यात गेले. दुसऱ्या आठवड्यापासून चॅटमध्येच लोक "पाणी प्यायलो", "गच्चीवर जाऊन आलो", "भांडी घासून आलो" असं लिहायला लागले. एका काकांनी मस्कतहून लिहिलं की ते आणि त्यांचा मुलगा ब्रेकमध्ये पंधरा-पंधरा बैठका काढतात. ते वाचून मला जे वाटलं ते इथे नीट सांगता येणार नाही.

सिल्कसाँग इतका अवघड आहे, मग हाच का निवडलात?

कारण तो मला मनापासून आवडतो. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमधल्या टीम चेरी नावाच्या अगदी लहान गटाने २०१७ मध्ये हॉलो नाइट काढला. त्यातली हॉर्नेट या नव्या खेळाची नायिका आहे. पहिल्या खेळात आपण जमिनीखाली उतरत जातो, यात फारलूम नावाच्या राज्यात तळापासून वर, शिखरावरच्या किल्ल्याकडे चढत जायचं. शत्रू बरेचदा एका फटक्यात दोन मुखवटे (म्हणजे आपला जीव मोजायच्या खुणा) काढतात आणि सुरुवातीला मुखवटे असतात पाचच. तीन चुका की खेळ खलास.

पण खेळ अन्यायी नाही. प्रत्येक शत्रू वार करण्याआधी काहीतरी खूण देतो. अंग मागे घेतो, आवाज काढतो, अर्धा क्षण थबकतो. ती खूण दिसायला मन शांत लागतं. थकलेल्या डोळ्यांना ती दिसत नाही. माझ्या नोंदवहीत या महिन्याचं प्रत्येक सत्र लिहिलेलं आहे. एक-दोन वगळता सगळे मोठे शत्रू मी ब्रेकनंतरच्या पहिल्या वीस मिनिटांत हरवलेत.

"लास्ट जज"वर नक्की किती वेळा मेलात?

त्रेचाळीस. चव्वेचाळिसाव्यांदा जिंकले, १८ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या रात्री.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: किल्ल्याच्या दारात उभा असलेला हा पहारेकरी. हातात साखळीला बांधलेलं, जळतं धुपाटणं. ते गरागरा फिरवत अंगावर येतो. खरी परीक्षा मात्र त्याच्याशी लढण्यात नाही, त्याच्यापर्यंत पोचण्यात आहे. मेल्यावर आपण खालच्या बाकावर जागे होतो आणि वाऱ्याने झोडपलेल्या पायऱ्या चढून, उडत्या किड्यांना चुकवत परत वर जायचं. दर वेळी. आणि त्याला हरवलं की तो लगेच पडत नाही, त्याचा स्फोट होतो. मी एकतिसाव्या डावात त्याला हरवलं होतं, आनंदाने हात वर केले आणि त्या स्फोटात मेले. ११ तारखेचा स्ट्रीम ज्यांनी पाहिला त्यांना आठवत असेल. त्यानंतर पाचच मिनिटांत स्ट्रीम बंद पडला, त्याचं कारण वेगळं होतं.

मराठीतूनच का बोलता? हिंदीत केलंत तर चॅनेल वाढेल.

वाढेलही. पण मी घाबरले की "आई गं" म्हणते, चिडले की मराठीत चिडते. पुढचं काय होणार याचा अंदाज मोठ्याने बांधत खेळणं हेच माझं काम आहे, आणि तो विचार डोक्यात मराठीतच चालतो.

शिवाय सिल्कसाँग तर मराठीसाठीच केलाय असं वाटावं इतका आपल्या शब्दांत बसतो. हॉर्नेटचं हत्यार सुई. तिची शक्ती रेशीम. रेशीम साठतं ते रिळावर. रिळाचे तुकडे सापडले की ते मोठं होतं. पैसे म्हणजे जपमाळेचे मणी. सुटे मणी मेल्यावर सांडतात, ओवून ठेवलेले सांडत नाहीत. ही "ओवून ठेवा गं" सूचना मला आजीने दिली, मागच्या खाटेवरून, स्ट्रीमवर सगळ्यांना ऐकू जाईल अशी. आजीने आयुष्यभर गजरे आणि तोरणं ओवली आहेत. तिला खेळातलं ते एका नजरेत कळलं.

पुण्यात बनलेला गेम आहे म्हणालात, तो कोणता?

राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तो केला आणि २०२० मध्ये तो आला. आधी निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलवर, मग इतर ठिकाणी. राजी नावाची डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी मुलगी, तिचा भाऊ गोलू याला असुरांनी पळवून नेलंय, आणि ती त्याला शोधत निघते. गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू. मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांसारखे दिसतात आणि भिंतींवरच्या चित्रांजवळ थांबलं की पुराणातल्या कथा ऐकायला मिळतात. चार-पाच तासांत संपतो.

बहीण भावाला शोधते म्हणून तो मी भाऊबीजेच्या दुपारी, २३ तारखेला खेळले. माझा भाऊ बंगलोरला असतो, या वर्षी त्याला सुट्टी मिळाली नाही. तो चॅटमध्ये होता. शेवटचा भाग खेळताना मी फार बोलू शकले नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी त्या शांततेत काहीही न लिहिता नुसते दिवे पाठवले. तुमचे आभार.

पीसी, माइक, इंटरनेट: सगळी यादी द्या ना.

यादी लांबवत नाही, कारण महाग सामानाने स्ट्रीम चांगला होत नाही. आवाज आधी नीट करा. चित्र थोडं धूसर असलं तर लोक बसतात, आवाज फाटला तर उठून जातात. माझा माइक साधा यूएसबीचा आहे आणि मागे आईची जुनी गोधडी टांगलेली आहे, त्याने खोलीतला घुमारा मरतो. ओबीएस हे स्ट्रीम करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. १०८०पी, साठ फ्रेम, सहा हजारांचा बिटरेट (सेकंदाला सहा हजार किलोबिट). यासाठी अपलोडचा वेग दहा एमबीपीएस असला तरी चालतं, फक्त तो स्थिर हवा. म्हणून वायफाय नाही, राऊटरपासून खोलीपर्यंत केबल ओढलेली आहे.

आमच्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. इन्व्हर्टरवर पीसी ओढत नाही, म्हणून गुरुवार ठरवूनच सुट्टीचा. अधूनमधून दोन मिनिटं जाणाऱ्या विजेसाठी राऊटरला बारा व्होल्टची छोटी बॅटरी लावली आहे. म्हणजे निदान फोनवरून "येते हं" एवढं सांगता येतं.

आणि मांजरं असतील तर पीसीची जाळी दर पंधरा दिवसांनी काढून ब्रशने साफ करा. खंडेनवमीला पूजेसाठी पीसी पुसायला घेतला तेव्हा पुढच्या जाळीवरून खारीच्या केसांचा अक्षरशः नमद्यासारखा थर निघाला. तो काढल्यावर पंख्याचा आवाज खाली आला, तो माइकमध्येसुद्धा कळला.

व्यायाम नक्की काय करता? जिम कुठली?

जिम नाही. आम्ही पुण्यात सहकारनगरला राहतो, त्यामुळे तळजाईची टेकडी दारात आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे सहाला टेकडी, साधारण पन्नास मिनिटं, बोलताना थोडी धाप लागेल इतक्या वेगाने. असे आठवड्याला दीडशे मिनिटं होतात, आणि मोठ्या माणसांनी किमान एवढं करावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याशिवाय आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोर पडेल असं काही करावं असंही सांगते. त्यासाठी मंगळवार आणि शनिवार: बैठका आणि गुडघे टेकून दंड. मनगटामुळे दंड काढताना तळवा जमिनीवर टेकवत नाही, मूठ टेकवते, म्हणजे मनगट सरळ राहतं. १ तारखेला सलग पंधरा बैठका निघत होत्या, ३१ तारखेला चाळीस निघाल्या.

रोज सकाळी बारा सूर्यनमस्कार घालायचे ठरवलं होतं, ते हाताने अजून मानवलेलं नाही. आजीला याचं फार वाईट वाटतं. तिचं माहेर साताऱ्याकडचं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार घराघरांत आणि शाळांत नेले, हे ती अगदी शेजारच्या काकांबद्दल सांगावं तसं सांगते. हात पूर्ण बरा झाला की तिच्यासमोर सुरू करणार, शब्द दिलाय.

रविवारी पर्वती. एकशेतीन पायऱ्या. पहिल्या रविवारी मध्ये दोनदा थांबले. वरच्या कठड्याशी उभं राहिलं की अख्खं शहर खाली पसरलेलं दिसतं आणि वारा तोंडावर येतो. लास्ट जजकडे जाणाऱ्या त्या पायऱ्या मी पुढच्या रात्री चढले तेव्हा पहिल्यांदाच घाई केली नाही.

वजन किती कमी झालं?

पाहिलं नाही, पाहणारही नाही. फराळ खाल्ला, आईच्या हातच्या भाजणीच्या चकल्या कुणी सोडतं का? पाठ दुखत नाही आणि बोटं बधिर होत नाहीत, मला या दोन गोष्टी हव्या होत्या.

मांजरांची ओळख करून द्या. कुठली जात?

तिघंही देशी. माई अकरा वर्षांची, काळी-पांढरी, आजीची. तिला मी सांभाळते असं म्हणणं चुकीचं होईल, ती घरात माझ्याआधी खोली निवडते. खारी आणि बटर हे बहीण-भाऊ दोन वर्षांपूर्वीच्या पावसात बेकरीच्या मागे, खोक्यांच्या ढिगात सापडले, हाताच्या तळव्यात मावतील एवढे. नावं तिथूनच आली.

खारी काळी-भगवी चट्टेरी आहे आणि बटर पूर्ण भगवा. बरेच जण विचारतात की भगवं मांजर बोकाच का असतं. नेहमी नाही, पण बहुतेकदा. भगवा रंग ठरवणारा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. बोक्याला एकच एक्स, म्हणून एका जनुकाने तो पूर्ण भगवा होतो. मादीला दोन, त्यामुळे एक भगवा आणि एक काळा मिळाला की खारीसारखे चट्टे. हा जनुक नेमका कोणता हे २०२५ मध्येच जपानच्या आणि अमेरिकेच्या संशोधकांनी वेगवेगळं काम करून दाखवून दिलं. खारी मांडीवर असली की मला हे आठवतं. तिच्या पाठीवर ते नकाशासारखं छापलेलंच आहे.

तिघांची नसबंदी झालेली आहे, रेबीजची आणि बाकीची लस दरवर्षी. याबाबत माझं मत पक्कं आहे. मांजर पाळायचं असेल तर या दोन गोष्टी टाळायच्या नाहीत.

११ तारखेला स्ट्रीम अचानक का बंद केलात? बटरला काय झालं होतं?

शनिवार होता. पाऊण तासाचा गजर वाजला तेव्हा मी तो बंद केला. लास्ट जजचं अर्ध्याहून जास्त रक्त काढलं होतं, "हा एक डाव" असं म्हणाले. तो स्फोटाचा डाव हाच. त्यानंतर उठले आणि मागच्या बाल्कनीत गेले, तर बटर वाळूच्या ट्रेमध्ये बसलेला. खणायचा, बसायचा, जोर लावायचा, उठायचा, बाहेर येऊन खालची बाजू चाटायचा आणि परत आत. वाळू कोरडी ठणठणीत. आई म्हणाली, "मगाचपासून चाललंय त्याचं, पोट साफ होत नसेल." मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग मी पोटाखाली हात घातला. लिंबाएवढं काहीतरी टणक लागलं आणि तो असा ओरडला की आजी आतून उठून आली.

बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. लघवीत बारीक खडे झाले, किंवा त्यांचा आणि चिकट स्रावाचा बूच बसला, की लघवी पूर्ण अडते. मूत्राशय फुगत जातं, मूत्रपिंडांवर दाब येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि त्याने हृदय बंद पडू शकतं. हे सगळं एक-दोन दिवसांत होतं. बद्धकोष्ठ समजून लोक सकाळपर्यंत थांबतात, आणि तिथेच बोका जातो.

पहिल्या दवाखान्यात फोन लावला तर पलीकडून "सकाळी दहाला घेऊन या" असं उत्तर आलं. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर स्वतः फोनवर आल्या, एकच प्रश्न विचारला: "शेवटची लघवी कधी केली?" मला सांगता आलं नाही. त्या म्हणाल्या, "निघा." आईने चादरीत गुंडाळून बास्केटमध्ये घातला, आणि आम्ही रिक्षाने पावणेअकराला पोचलो. भूल देऊन नळी घातली, सलाइन लावलं. नळीतून पहिल्यांदा जे आलं ते लाल होतं. तीन रात्री तो तिथे होता. रोज दोनदा भेटायला जायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने माझ्या अंगठ्यावर, त्या दुखऱ्या हाताच्या, डोकं घासलं. मी तिथेच खुर्चीवर बसून रडले.

"शेवटची लघवी कधी केली" याचं उत्तर मला देता आलं नव्हतं, कारण त्या दिवशी दुपारपासून मी एडिटिंग करत खुर्चीतून उठलेच नव्हते. म्हणून आता ब्रेकमध्ये वाळू बघते. वाळूचे गोळे मोजते आणि दाराच्या मागे लावलेल्या कॅलेंडरवर रेघा ओढते.

हे लक्षात ठेवा: बोका वारंवार ट्रेमध्ये जातोय, बसतोय आणि काही होत नाहीये, किंवा थेंब-थेंब होतंय, ओरडतोय, चाटतोय, उलट्या करतोय, तर रात्रीचे तीन वाजले असले तरी निघा. घरगुती उपाय नको. आणि माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या तर अजिबात नको. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

खर्चासाठी पैसे पाठवले तर परत का केलेत?

खर्च साडेबारा हजारांच्या आसपास आला आणि तो साठवलेल्या पैशांतून निघाला. ज्यांनी पाठवले त्यांना माझी एकच विनंती होती की आपल्या गल्लीतल्या एखाद्या मांजराची नसबंदी त्यातून करा. चौघांनी केल्याचं कळवलं, फोटोसकट. मला तुमच्याकडून यापेक्षा जास्त काही नको.

बटरसाठी आता घरात काय बदललंय?

कोरडं खाणं कमी, ओलं जास्त. मांजर मूळचं वाळवंटातलं, पाणी कमी पितं, आणि कोरड्या दाण्यांवर ठेवलं तर त्याच्या पोटात पाणी पुरेसं जात नाही. पाण्याच्या वाट्या दोनाच्या पाच झाल्या, खाण्याच्या ताटलीपासून लांब ठेवलेल्या. वाळूचे ट्रे तीन मांजरांना चार. ताणानेही हा त्रास उलटतो असं डॉक्टर म्हणाल्या, म्हणून दिवाळीची मला धास्तीच होती.

मग फटाक्यांच्या दिवसांत काय केलंत?

माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला साठ हजारांच्याही पुढे. आपल्याला जो आवाज नुसता मोठा वाटतो तो त्यांना किती टोचत असेल! लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, २१ तारखेला, दुपारी चारलाच तिघांना आतल्या खोलीत नेलं. खिडक्या बंद, पडद्यांवर आणखी एक गोधडी, पंखा जोरात, कपाटाचं खालचं दार उघडं आणि आत माझा वापरलेला टीशर्ट. लपायचं असेल तर लपू द्यायचं, ओढून कुशीत घ्यायचं नाही. त्या दिवशी स्ट्रीम ठेवला नाही. मी तिथेच जमिनीवर बसून होते. माई झोपली, खारी कपाटात गेली, बटर माझ्या गुडघ्याला पाठ लावून बसला. साडेदहाला उठून त्याने ट्रेमध्ये लघवी केली तेव्हा मी आईला हाक मारून सांगितलं.

फुलांच्या माळांबद्दल एक सांगायचं राहिलं. दसऱ्याला दाराला झेंडूचं तोरण होतं, खारीने त्याचा दोरा ओढून चघळायला घेतला. दोरा गिळला तर आतड्यात अडकून आतडं गोळा होतं, ऑपरेशनशिवाय इलाज नसतो. तोरणं उंच बांधा, उतरवली की दोरा लगेच कचऱ्यात.

किल्ल्यावर झोपलेल्या मांजराचा फोटो खरा आहे का?

खरा आहे. सोसायटीतल्या मुलांनी जिन्याखाली मातीचा किल्ला केला होता, अळीव पेरलेले, महाराज सिंहासनावर, मावळे तटावर. खारी वसुबारसेच्या दुपारी बालेकिल्ल्यावर चढून उन्हात झोपली. मुलांनी तिला उठवलं नाही, तिच्याभोवती मावळे हलवून लावले. तो बंदोबस्त भाऊबीजेपर्यंत तसाच होता.

मांजराला दूध द्यावं का?

नको. मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचत नाही, जुलाब होतात. कांदा-लसूण घातलेलं काही देऊ नका, आणि घरात लिलीची फुलं आणू नका. लिलीचे परागकणसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतात.

पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपची जाहिरात का करत नाही? पैसा तिथेच आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावायचे ऑनलाइन खेळ आणि त्यांच्या जाहिराती बंद केल्या. त्याच्या आधीही मी तीन वेळा नकार दिला होता. माझ्या चॅटमध्ये शाळकरी मुलं असतात.

यातून घर चालतं का? घरच्यांचं काय म्हणणं?

पूर्ण चालत नाही. सकाळी दहा ते चार मी एका फर्मचे हिशोब घरून लिहिते. यूट्यूबच्या जाहिरातींचे पैसे मिळायला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाणं लागतं. मला तिथे पोचायला तीन वर्षं लागली. सुरुवात करणाऱ्यांनी नोकरी किंवा शिक्षण सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

आई आधी दार लोटून घ्यायची, आवाज नको म्हणून. या महिन्यात, धनत्रयोदशीच्या रात्री, लास्ट जज पडला आणि मी स्फोटापासून लांब पळाले, तेव्हा दारातून तिचा आवाज आला, "वाचलीस ना?" ती कधीपासून उभी होती कोण जाणे.

बटर आता कसा आहे?

बरा आहे. गेल्या तपासणीत लघवी स्वच्छ आली, पुढची तपासणी तीन महिन्यांनी. पाच वाट्या ठेवल्या तरी त्याला आजीच्या फुलपात्रातलंच पाणी आवडतं, म्हणून आजीने तिचं पितळी फुलपात्र त्याला देऊन टाकलं. ते आता माझ्या टेबलावर, कीबोर्डच्या डावीकडे असतं. स्ट्रीममध्ये मधूनच लप-लप असा आवाज येतो आणि तुम्ही माइक बिघडलाय का म्हणून विचारता, तो बटर पाणी पितोय. पाऊण तासात फुलपात्र निम्मं होतं, आणि गजर वाजला की मी ते भरायला उठते.